चीनला जाणारे विमान : निवड प्रवाशाची की नकाशाची?

१/ "चीनला जायचे आहे, प्रवास दहा-बारा तासांचा, तिकीट इकॉनॉमीचे, कोणती विमान कंपनी चांगली?" हा प्रश्न येथे दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते आणि त्याला ठरावीक उत्तरे मिळतात. अमुक कंपनीचे जेवण रुचकर, तमुक कंपनीचे कर्मचारी हसतमुख, अमक्या क्रमवारीत तिला इतके तारे. उत्तर देणारे सद्भावनेने देतात, यात शंका नाही. परंतु ते विमान कंपनीला उपाहारगृह समजतात, आणि सगळी फसगत तेथूनच सुरू होते. चीनच्या मार्गावरची विमान कंपनी हे कधीच नुसते दुकान नव्हते. तो एका राष्ट्राचा ध्वज होता आणि आजही आहे. प्रवाशाच्या वाट्याला किती तास येणार आणि किती भाडे पडणार, हे त्या ध्वजाला कोणाचे आकाश खुले आहे यावर ठरते.

२/ मूळ मुद्दा जुना आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर मुंबईहून चीनला निघाले, ते बोटीने. खुल्या समुद्रातून जाणाऱ्या बोटीला वाटेतल्या प्रत्येक देशाची परवानगी घ्यावी लागत नाही. आकाशाला असा खुला समुद्र फार थोडा आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचे पहिलेच कलम सांगते की आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राज्याचे संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. दुसऱ्याच्या अंगणावरून नुसते उडत जायचे, तरी त्याची संमती हवी. त्या परिषदेला सोव्हिएत संघ आलाच नाही. युरोप आणि चीन यांच्या मधोमध जो देश पसरलेला आहे, तोच नेमका गैरहजर! पुढच्या ऐंशी वर्षांची बरीचशी कहाणी या गैरहजेरीत दडलेली आहे.

३/ "हे सगळे राजकारण; आपल्याला काय त्याचे?" असे म्हणणाऱ्यांनी ११ एप्रिल १९५५ हा दिवस आठवावा. बांडुंग परिषदेला जाणाऱ्या चिनी शिष्टमंडळासाठी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान भाड्याने घेण्यात आले होते. हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर ते उभे असताना त्यात बॉम्ब ठेवला गेला. लक्ष्य होते चिनी पंतप्रधान चौ एन-लाय. ते त्या विमानात नव्हतेच. विमान दक्षिण चीन समुद्रावर पेटले. वैमानिक कॅप्टन दामोदर जटार यांनी ते जळते विमान पाण्यावर उतरवण्याची शिकस्त केली. विमानातील १९ जणांपैकी १६ जण दगावले. वाचलेल्या तिघांत अभियंते अनंत कर्णिक होते, ज्यांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिले. विमान भारतीय, प्रवासी मुख्यतः चिनी, विमानतळ ब्रिटिश अमलाखालचा आणि वैर चीनच्या यादवीतले. कोणाच्या विमानातून जायचे, हा प्रश्न तेव्हाही सेवेच्या दर्जाचा नव्हता.

४/ नऊ वर्षांनी, २९ एप्रिल १९६४ रोजी, पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सने चीनला नियमित सेवा सुरू केली. कम्युनिस्ट नसलेल्या देशाची अशी ही पहिलीच सेवा. १९६२चे युद्ध ताजे होते. पेकिंगला दिल्लीच्या शेजाऱ्याशी सलगी हवी होती आणि कराचीला ती द्यायची होती. १९७१ च्या जुलैत हेन्री किसिंजर गुपचूप बीजिंगला गेले, ते याच कंपनीच्या बोइंग ७०७ मधून. अमेरिकेकडे विमानांची वाण होती का? वाट मात्र नव्हती. अमेरिका आणि चीन यांच्यात नियमित विमानसेवा सुरू व्हायला जानेवारी १९८१ उजाडावा लागला.

५/ जपानची तऱ्हा तर याहून मजेशीर. १९७४ मध्ये चीनशी हवाई करार होताच तैवानने जपानी विमानांना आपले आकाश बंद केले. मग १९७५ मध्ये जपान एअरलाइन्सने 'जपान एशिया एअरवेज' नावाची वेगळी कंपनी काढली. ती तैवानला जाणार आणि मूळ कंपनी चीनला! ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे, याचे इतके अधिकृत उदाहरण शोधून सापडणार नाही. 'केएलएम एशिया' हे नावही त्याच गरजेतून जन्मले. २०१८ मध्ये चीनच्या विमानवाहतूक प्रशासनाने परदेशी कंपन्यांना पत्रे धाडली, की संकेतस्थळांवर तैवानचा उल्लेख वेगळा देश म्हणून नको. एकामागून एक कंपन्या नमल्या. एअर इंडियानेही 'चायनीज तैपेई' असा बदल केला. ज्यांना वाटते की कंपन्या केवळ ग्राहकाचे ऐकतात, त्यांनी हा प्रसंग ध्यानी ठेवावा.

६/ आता सैबेरिया. युरोपातून चीनला जाणारी जवळची वाट रशियावरून जाते. फिनएअरने १९८८ मध्ये हेलसिंकी–बीजिंग ही थेट सेवा सुरू केली. पश्चिम युरोपातील कंपनीची चीनला जाणारी ही पहिली विनाथांबा सेवा. पुढे हेलसिंकीचे विमानतळ 'आशियाचे जवळचे दार' म्हणून वाढले, ते याच वाटेच्या जोरावर. फुकट मात्र नव्हे. या आकाशाचे भाडे युरोपीय कंपन्या वर्षानुवर्षे एरोफ्लोटला, म्हणजे आपल्याच प्रतिस्पर्ध्याला, मोजत होत्या. प्रवाशाच्या तिकिटातून तो पैसा मॉस्कोला जात होता आणि तिकिटावर त्याचा उल्लेखही नव्हता. ज्या नैतिकतेच्या गोष्टी आज हिरिरीने बोलल्या जातात, त्या तेव्हा कोणाला आठवल्या नाहीत.

७/ फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने आणि ब्रिटनने रशियन विमानांना आकाश बंद केले. रशियाने २८ फेब्रुवारीला ३६ देशांच्या कंपन्यांना आपले आकाश बंद करून परतफेड केली. चीन त्या यादीत नव्हता. एका रात्रीत सारा हिशेब फिरला. हेलसिंकी–तोकियो हे सुमारे नऊ तासांचे उड्डाण तेरा तासांवर गेले. चीनला जाणाऱ्या युरोपीय विमानांच्या नशिबी दक्षिणेकडून तुर्कस्तान, कॅस्पियन, मध्य आशिया असा द्राविडी प्राणायाम आला, तर चिनी कंपन्या सरळ वाटेने येत-जात राहिल्या. जादा इंधन, जादा वैमानिक, आणि तेच विमान आठवड्यात पूर्वीइतक्या फेऱ्या मारू शकत नाही. परिणाम लवकरच दिसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटिश एअरवेजने लंडन–बीजिंग आणि लुफ्तान्साने फ्रँकफर्ट–बीजिंग सेवा स्थगित केली. व्हर्जिन अटलांटिकने १९९९ पासून चालवलेली लंडन–शांघाय सेवा त्याच महिन्यात बंद केली. जेवण बिघडले म्हणून नव्हे, आसने मोडली म्हणून नव्हे, कर्मचारी हसेनासे झाले म्हणूनही नव्हे.

८/ म्हणून "चिनी कंपन्या स्वस्त आहेत, म्हणजे काहीतरी खोट असणार" हा शेरा मला आळशीपणाचा वाटतो. सरकारी पाठबळ आहे, देशांतर्गत बाजार प्रचंड आहे, हे खरेच. पण लंडनहून बीजिंगला जाणाऱ्या चिनी विमानाच्या स्वस्ताईत सैबेरियाचाही वाटा आहे. कमी तास आणि कमी इंधन, यांची किंमत प्रवाशाला दिसते. कारण दिसत नाही. अमेरिकन कंपन्यांना ते चांगले दिसते. त्यांच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने असा प्रस्ताव मांडला, की अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या चिनी विमानांना रशियावरून उडू देऊ नये. अर्थातच चीनने विरोध केला. या भांडणात इकॉनॉमीतल्या प्रवाशाला कोणी पक्षकार केलेले नाही.

९/ सरळ वाटेला धोका नाही काय? आहे, आणि तो बहुतेकांना वाटतो त्याहून वेगळा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅरिसहून शांघायला निघालेले एअर फ्रान्सचे विमान बिघाडामुळे इर्कुत्स्क येथे उतरले. सुटकेसाठी आलेले दुसरे विमानही बिघडले. रशियाचा व्हिसा नसलेले प्रवासी सैबेरियाच्या थंडीत तीन दिवस हॉटेलात अडकून पडले. हे शांततेच्या काळातले. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान रशियाच्या अतिपूर्वेला मगादान येथे उतरले, तेव्हा प्रवाशांची सोय वसतिगृहांत आणि शाळेत करावी लागली. विमान खाली कोठे उतरू शकते, हे तिकीट काढताना कोणी विचारत नाही. विचारावे.

१०/ भारतातून जाणाऱ्यांपुढे सैबेरिया नाही, तिबेट आहे. दिल्लीहून शांघायकडे नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जाते. विमाने सहसा तशी जात नाहीत; ती बंगाल, म्यानमार, युन्नान असा वळसा घेतात. कारण साधे आहे. केबिनमधला दाब गेला, तर विमानाने झटपट सुमारे १०,००० फुटांपर्यंत उतरायचे असते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. पठाराची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर, म्हणजे सुमारे १५,००० फुटांवर. उतरणार कोठे? जादा प्राणवायूची खास तजवीज असलेली विमानेच तेथून जाऊ शकतात. निदान या वळशाला कोणा मंत्र्याला जबाबदार धरता येत नाही!

११/ दुसऱ्या अडथळ्याला मात्र धरता येते. मार्च २०२० मध्ये चीनने प्रत्येक परदेशी कंपनीला एकच मार्ग आणि त्यावर आठवड्याला एकच उड्डाण, असा नियम लावला. जूनपासून त्यात भर पडली: एका विमानात पाच प्रवासी बाधित आढळले, की तो मार्ग आठवडाभर बंद. त्या वेळी चीनमधील विद्यापीठांत तेवीस हजारांवर भारतीय विद्यार्थी शिकत होते, बहुतेक वैद्यकीय शाखेचे. सुट्टीला घरी आलेली ही मुले दोन-अडीच वर्षे परत जाऊ शकली नाहीत. ज्या शिक्षणासाठी आईबापांनी कर्ज काढले, ते शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर उरकले. महासाथ ओसरली, व्हिसा मिळू लागले, तरी भारत–चीन थेट विमान नाहीच. गलवाननंतरचा दुरावा आकाशातही उतरला होता. बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग असे फेरे घेत आणि जादा पैसे मोजत प्रवासी जात राहिले. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी इंडिगोचे विमान कोलकात्याहून ग्वांगझौला निघाले, तेव्हा पाच वर्षांहून अधिक काळाचा हा खंड संपला. त्या पाच वर्षांत या विद्यार्थ्यांनी कोणत्या कंपनीला किती तारे द्यायला हवे होते?

१२/ आता ज्या बाबतीत कंपनीची निवड खरोखर महत्त्वाची आहे, त्याकडे येऊ. आणि नेमके तेथेच सल्लागार गप्प असतात. ती बाब म्हणजे आसन. 'इकॉनॉमी' हा वर्ग १ एप्रिल १९५८ रोजी उत्तर अटलांटिक मार्गावर सुरू झाला. भाडी कंपन्यांच्या संघटनेने, आयाटाने, ठरवलेली असल्यामुळे सर्वांना सारखी. म्हणून कोण जास्त खाऊ घालतो यावरून चुरस लागली. स्वस्त वर्गात फक्त साधे सँडविच द्यावे असा नियम होता. स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सने त्यावर मांस-मासळीचे असे थर रचले, की पॅन अमेरिकनने तक्रार केली आणि स्कॅन्डिनेव्हियन कंपनीला २०,००० डॉलर दंड झाला. इतिहासात याला 'सँडविच युद्ध' म्हणतात. गंमत म्हणून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला तिच्यात गंमत कमी दिसते. त्या काळी भाडे आणि आसनांमधील अंतर यांवर नियमांचा पहारा होता, म्हणून झटापट थाळीवर झाली. आज भाडे मोकळे आहे आणि अंतरही. आणि तरी आपण थाळीवरच भांडत बसलो आहोत.

१३/ बोइंग ७७७ च्या इकॉनॉमीत एका ओळीत नऊ आसने, ही मूळची प्रचलित मांडणी. आज बहुतेक कंपन्या त्याच रुंदीत दहा बसवतात. ७८७ मध्ये आठ आसने सुखाने मावतात. जपान एअरलाइन्स आपल्या आंतरराष्ट्रीय विमानांत आठच ठेवते आणि जवळपास बाकी सर्व जग नऊ कोंबते. त्या एका जादा आसनाने प्रत्येकाच्या वाट्याची रुंदी सुमारे इंचभर घटते. बारा तास शेजाऱ्याच्या कोपराशी कोपर घासत बसलेल्या माणसाला इंचाचा अर्थ सांगावा लागत नाही. एकाच कंपनीच्या दोन विमानांत हा फरक असू शकतो. अशा वेळी "ती कंपनी चांगली" या वाक्याला अर्थ तो काय उरला?

१४/ "सामान्य माणसाने तिकीट काढताना आंतरराष्ट्रीय करार वाचावेत काय?" असा टोमणा येणार, याची खात्री आहे. करार वाचू नयेत. मात्र उड्डाणाचे तास पाहावेत, विमानाचा प्रकार पाहावा, ओळीत किती आसने आहेत ते पाहावे, आणि वाटेत विमान बदलायचे असेल तर सारा प्रवास एकाच तिकिटावर आहे ना याची खातरजमा करावी. दोन सुटी तिकिटे जोडून चार पैसे वाचवणाऱ्याचे पहिले विमान उशिरा पोचले, तर दुसरी कंपनी त्याला ओळखही दाखवत नाही. ही माहिती तिकिटाच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. ताऱ्यांची क्रमवारी ठळक अक्षरात असते. हे आपोआप घडलेले नाही.

१५/ मला विचाराल, तर लंडन किंवा फ्रँकफर्टच्या मराठी माणसाने, पाठ आणि गुडघे प्यारे असतील तर, चिनी कंपनीचे विनाथांबा विमान घ्यावे आणि ते कोणाच्या आकाशातून जाते हे जाणून घ्यावे. ते आकाश ज्याला मनाला पटत नाही, त्याने दुबई किंवा दोहामार्गे जावे. चार-सहा तास जास्त लागतील, ते आपल्या मताचे मोल समजून मोजावेत. दोन्ही निवडी प्रामाणिक आहेत. मुंबईकराने कोलकाता किंवा दिल्लीहून ग्वांगझौची थेट सेवा आणि बँकॉक, हाँगकाँगमार्गे जाणारी सेवा यांची तुलना तासांत करावी, ताऱ्यांत नव्हे. आणि दोन्ही राजधान्यांतून येणाऱ्या बातम्यांवर नजर ठेवून, परतीची तारीख बदलता येईल असेच तिकीट काढावे.