वाचून दाखवलेली वही रद्दीत जात नाही

लालबागहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आहेत. दुपारची भांडी आवरली की त्या एका वहीत लिहीत बसायच्या. १९८२ च्या संपात वडील घरी बसले ते दिवस, आई घरोघर पोळ्या लाटायला जायची ते, चाळीतला गणपती, असं बरंच काही. चार वर्षांत दोन वह्या भरल्या. गेल्या वर्षी गणपतीआधी घराची आवराआवर निघाली आणि मुलांच्या जुन्या पुस्तकांबरोबर त्या दोन्ही वह्या रद्दीत गेल्या. रद्दीवाल्याकडे धावत गेल्या, पण माल पुढे गेला होता. घरचे म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? पुन्हा लिही."

पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "कुणी वाचणारच नसेल, तर बाईनं लिहायचं तरी कशाला?"

ताई, वही गेल्याचं दुःख लहान नाही. दागिना हरवला असता तर घर दोन दिवस जेवलं नसतं. तुमची वही गेली तर संध्याकाळचा चहासुद्धा चुकला नाही, हेच तुम्हाला लागलं असणार. पण एक विचारते. रागावू नका. त्या वहीतलं एक तरी पान तुम्ही घरात कुणाला वाचून दाखवलं होतं का? नसणारच. आपण बायका लिहिण्याची लाज बाळगतो. कुणी आलं की वही उशीखाली, डब्यामागे, कपाटाच्या तळाशी. मग आवरणाऱ्याला ती हिशेबाच्या जुन्या वहीसारखीच दिसली तर त्याचा तरी काय दोष? आजोबांच्या आठवणीचं पान ज्या मुलानं कानांनी ऐकलं आहे, तो ती वही रद्दीत टाकताना दहादा विचार करील.

लपवणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्याशा दुकानात बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेआड ठेवायच्या. अशी कित्येक वर्षं गेली. फलटणमध्येच राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंनी त्यांना धीर दिला, तेव्हा ते लेखन बाहेर आलं. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः छापून आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. लिहायची ताकद बेबीताईंची स्वतःची होती. कमी होतं ते गावातलं एक माणूस, जे म्हणेल, "दाखवा बरं, काय लिहिलंय ते."

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. शाळा अशी नाहीच, अक्षरओळख लग्नानंतरची. पण मुलगा देवदत्त आठवणी लिहून काढायच्या मागे लागला आणि 'स्मृतिचित्रे' आपल्या हाती आलं. म्हणजे प्रोत्साहन म्हणजे शाल-श्रीफळ नव्हे. पुढचं पान कधी होतंय याची वाट पाहणारं कुणीतरी, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या मुंबईत अशी वाट पाहणारी माणसं पूर्वीपासून आहेत. गिरगावातल्या खटाववाडीत 'मौज'चा छापखाना होता. तिथूनच 'सत्यकथा' निघायचं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक. नवख्या लेखकाची कथासुद्धा ते ओळ न् ओळ वाचायचे, कुठे अडलं ते कळवायचे, पुन्हा लिहायला लावायचे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. पण तिथून लिहिते झालेले लोक सांगतात, नुसत्या शाबासकीपेक्षा त्या बारीक वाचनानंच त्यांना उभं केलं.

आणि तुमच्या लालबाग-परळचं काय सांगावं! नारायण सुर्वे याच गिरणगावात वाढले. एका गिरणी कामगारानं त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. पुढे शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाले. १९६२ मध्ये त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला. त्यांच्या कवितेला पहिले कान मिळाले ते कामगारांचे, चळवळीतल्या सोबत्यांचे. पुढे त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंनीही आपली हकिकत सांगितली. ती शब्दांत उतरवून घेतली गेली आणि 'मास्तरांची सावली' हे पुस्तक झालं. हात लिहायला वळत नसेल तर तोंडानं सांगता येतं. मात्र त्यालाही समोर ऐकणारं कुणी लागतंच.

आता कामाचं बोलू. हे ऐकणारं माणूस आणायचं कुठून?

भिशी तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तशीच एक वाचनाची भिशी काढा. पाच जणी पुरेत. आठ-दहा झाल्या की गप्पाच जास्त होतात. पंधरा दिवसांतून एकदा, दुपारी दोन ते चार. तेव्हा जेवणं उरकलेली असतात आणि संध्याकाळची घाई सुरू झालेली नसते. चिठ्ठ्या टाकायच्या. जिचं नाव निघेल तिनं पुढच्या वेळी दोन पानं वाचायची. भिशीत जसा पैसा बुडवत नाहीत, तशी इथे पाळी बुडवायची नाही. पाळी ठरली म्हणजे पान होतंच, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. रात्री अकराला ओटा पुसून का होईना, मी लिहिलंच.

नियम मात्र आधीच ठरवून घ्या.

एक, लिहिणारीनं स्वतः मोठ्यानं वाचायचं. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असतं. ते आपलं आपल्यालाच कळतं.

दोन, ऐकणारीनं "छान आहे हं" एवढ्यावर सुटायचं नाही. मनात काय राहिलं ते आधी सांगायचं, मग कुठे कळलं नाही ते. लिहिणारीनं तेव्हा सफाई द्यायची नाही, टिपून घ्यायचं.

तीन, इथे वाचलेलं जिन्यात बोलायचं नाही. सासू, जाऊ, नवरा यांच्यावर बाई लिहिणारच. ते चाळभर झालं तर दुसऱ्या दिवशी कुणी तोंड उघडणार नाही.

चार, खायला चहा-बिस्किटं, त्यापुढे काही नाही. आज हिच्याकडे वडे, उद्या तिच्याकडे ढोकळा असं सुरू झालं की ज्या घरात ओढाताण आहे ती मैत्रीण पहिली गळते.

आणि पाच, प्रत्येक लेखनाची दुसरी प्रत ठेवायची. पूर्वी कार्बन लावायचो. आता मोबाईलवर पानाचा फोटो काढून मैत्रिणीकडे पाठवून ठेवा. एक वही दोन घरांत असली की रद्दीची भीती नाही.

शेजारी जमण्यासारख्या नसतील तर ग्रंथालयाची पायरी चढा. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. गिरगावात चर्नी रोड स्टेशनापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर मुंबई मराठी साहित्य संघ आहे, १९३५ पासूनचा. अशा ठिकाणचा सूचनाफलक वाचायची सवय लावा. एखाद्या व्याख्यानाला जा. पहिल्या दिवशी कुणी ओळखणार नाही. तिसऱ्या खेपेला शेजारच्या खुर्चीवरची बाई आपणहून विचारील, "तुम्ही पण लिहिता का हो?" आपल्या पाच जणींतली एक तिथेच भेटायची.

एक सावधगिरी. तुमच्या कवितेची तोंड भरून स्तुती करायची आणि मग संग्रहात दोन पानं हवीत म्हणून पैसे मागायचे, असाही एक धंदा आहे. माझ्या ओळखीच्या एकीनं असे पैसे भरले. पुस्तक आलं, पण त्यात तिच्या कवितेत चार चुका आणि नावातही एक. छापलेलं कुणी वाचलंच नव्हतं हे उघड आहे. खर्च करून पुस्तक काढण्यात पाप नाही. पण त्याला प्रोत्साहन समजू नका. प्रोत्साहन देणारा आधी वाचतो.

यजमान हसतील का, असंही काही जणींच्या मनात येईल. हसतील कदाचित. पण महिन्यातून दोन दुपारी तुम्ही बाहेर जाता आणि परत येताना चेहरा फुललेला असतो, हे घराच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

लालबागच्या ताई, गेलेल्या वह्या मी परत आणू शकत नाही. आणि नवीन लिहाल ते पहिल्यासारखं होईल असंही खोटं सांगणार नाही. वेगळं होईल. पण पोळ्या लाटून आई घरी यायची, तेव्हा तिच्या हाताला कसला वास यायचा, ते वहीबरोबर गेलेलं नाही. तिथून सुरुवात करा. एकच पान. आणि ते आज रात्री जेवणं झाल्यावर मुलांना बसवून वाचून दाखवा. टीव्ही दहा मिनिटं बंद राहिला तर काही बिघडत नाही.

मग दुसरं पान मला पाठवा. मी वाट पाहते.