भुतांचं गॅरेज

२०२४ च्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीला मुलाकडे होते. त्या वर्षी गंमत अशी झाली, की ३१ तारखेला त्यांचं हॅलोविन आणि आपल्या कालनिर्णयात नरकचतुर्दशी! पुण्याहून बहिणीचा फोन आला, "अगं, सणासुदीला दारात भुतं कसली नाचवतात?" (बंगालात याच तिथीला भूतचतुर्दशी म्हणतात आणि चौदा दिवे लावतात, हे तिला सांगायचं राहिलं.) खरं तर माझंही मत तेव्हा तिच्यासारखंच होतं.

शेजारचे आजोबा जन्मभर इलेक्ट्रिशियन होते. सप्टेंबरपासूनच त्यांची गॅरेजमध्ये खुडबुड चाललेली. रिकामटेकडेपणा, असं मी सुनेला म्हणालेसुद्धा. हल्ली दुकानात बारा फुटी सांगाडा तयार मिळतो, पण यांना तो नको. काळं प्लॅस्टिक टांगून अंधारा बोळ केलेला. जुन्या गाडीच्या वायपरची मोटर लावून शवपेटीचं झाकण आपोआप उघडणारं. एका वाडग्यात सोललेली द्राक्षं, म्हणजे डोळे. दुसऱ्यात शिजवून गार केलेल्या शेवया, म्हणजे आतडी. बघायचं नाही, नुसता हात घालायचा! कोपऱ्यात एक तिरकी काच. बाजूला लपवलेल्या बाहुलीवर दिवा पडला की काचेत पांढरी बाई तरंगते. ही युक्ती १८६२ साली लंडनमध्ये पेपर नावाच्या प्राध्यापकाने लोकांपुढे आणली, असं त्यांनीच मला सांगितलं. दिवाळीचा किल्ला करणारी आपली पोरं चिखलाने माखतात ना, तसे हे गृहस्थ रंगाने माखलेले.

पण माझं मत बदललं ते त्या घंटेमुळे. आजी दाराशी चॉकलेटची टोपली घेऊन बसायच्या. प्रत्येक मुलाला आधी विचारायच्या, आत जायचंय का? "नाही" म्हणणाऱ्यालाही चॉकलेट. लहान मूल आत निघालं की घंटा एकदा वाजायची. मग आतले दिवे लागायचे आणि भुतं मुखवटे वर करून हसायची. मोठी टारगट पोरं आली की घंटा दोनदा. मग काही खैर नाही!

आणि आपण काय केलं? जेव, नाहीतर बागुलबुवा येईल. मी स्वतः पाचवीच्या वर्गाला जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीची भीती घालत असे. आत फक्त मोडके बाक आणि जुने नकाशे होते. एकदा एका मुलाला त्या दारापाशी नेऊन उभं केलं. त्याची चड्डी ओली झाली. वर्ग हसला, आणि मी वर्गाला गप्प केलं नाही. त्याला "नाही" म्हणायची सोय नव्हती. त्याचं नाव मला अजून आठवतं.

म्हणून हॅलोविनने मुलं भित्री होतात, असं कुणी म्हणालं की मी आता वाद घालते. मुलांना भीती हवीच असते हो! पण ती त्यांनी मागून घेतलेली असावी, ऐकावं म्हणून वरून लादलेली नको.

माझी सहा वर्षांची नात दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. कुणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी माझा हात घट्ट धरून आत गेली. एकच घंटा वाजली. बाहेर आल्यावर चॉकलेट न घेताच म्हणाली, "आजी, आता दोन घंटा वाजवायला सांग."