दिव्याचे यश फुकटचे नव्हे



अंतिम फेरीत कोनेरू हंपी चुकली म्हणून दिव्या देशमुख २०२५चा महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकली, हे एका वाचकाचे म्हणणे पटले नाही. बातुमीतल्या त्या स्पर्धेत अंतिम फेरीआधी दिव्याने झू जिनेर, हरिका आणि माजी जगज्जेती टॅन झोंगयी यांना हरवले, ते कोणाच्या चुकीने? टॅनविरुद्धचा डाव १०१ चालींपर्यंत चालला. गुंतागुंतीच्या स्थितीत बरोबरी न शोधता दिव्या समोरच्याला पेचात टाकत राहते. वेळ संपत आला की समोरच्याच्या चुका होतात त्या अशाच. (तशी चुकलेली हंपी जलद बुद्धिबळाची जगज्जेती होती, हेही विसरू नये!) उणीव आहे, पण वेगळी. अंतिम लढतीच्या पहिल्याच डावातली वरचढ स्थिती दिव्याने बरोबरीत घालवली. टीका करायचीच तर त्यावर करावी.

– एक वाचक, नागपूर