रिकामें आसन

महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकींत विरोधकांतील सर्वांत मोठ्या पक्षास २८८ पैकीं अवघ्या २० जागा मिळाल्या. लागलीच एकदशांश संख्येचा दंडक पुढें करण्यांत आला आणि विरोधी पक्षनेत्याचें आसन रिकामें राहिलें. या दंडकाच्या कैवाऱ्यांस आमचा एकच सवाल आहे: दिल्लींत २०१५ सालीं ७० पैकीं केवळ ३ आमदारांच्या पक्षास तेंच पद कसें मिळालें? तेथील अंकगणित निराळें होतें काय? तेथें अध्यक्षांनीं मनांत आणलें, इतकेंच! विरोधकांस मतें देणारे लक्षावधि मतदार याच राज्याचे नागरिक आहेत. त्यांच्या वतीनें सरकारास जाब विचारणारा अधिकृत नेता सभागृहांत असणें हा त्यांचा हक्क आहे. विजेत्यांनीं घालावयाची ती भीक खचित नव्हे.