चिखलातलं एक चाक

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, रोजच्या गाडीला हवाच का? बहुतेकांना नको, असं माझं मत. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून साधा डिफरन्शियल दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. जोर मात्र दोघांना सारखाच देतो. खोट इथेच आहे. एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरवायला पुरतो तेवढाच नाममात्र जोर कोरड्यावरच्या चाकालाही मिळतो. एक गरगरतं, दुसरं ढिम्म. एलएसडी क्लचच्या चकत्यांनी किंवा, टॉर्सन नावाच्या प्रकारात, तिरप्या दात्यांच्या गिअरांनी त्या पळणाऱ्या चाकाला आवर घालतो. पण हल्ली ट्रॅक्शन कंट्रोल घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जवळपास हेच करतो, आणि ऑफिस गाठणाऱ्याला तेवढं पुरतं. (फार वेळ चाललं तर ब्रेक तापतात, ते वेगळं.) शिवाय चकत्या झिजतात, त्यांना खास तेल लागतं, आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत जोरात पाय दिला की स्टिअरिंग हाताला हिसडा देऊ शकतं. घाटात वेगाने वळणं घ्यायची हौस आणि मागच्या चाकांत भरपूर ताकद असेल, तर मजा खरीच. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या काही गाड्यांत मागे मिळतो तो प्रकार निराळा: चाकांच्या गतीत मोठा फरक पडला की आपसूक लॉक होणारा. पावसाळ्यात कोकणातल्या कच्च्या वाटेने घर गाठणाऱ्याने तो जरूर घ्यावा. पुण्याच्या सिग्नलवर त्याचा काय उपयोग? टायर गुळगुळीत झाले असतील, तर पैसे आधी तिकडे घाला.