फुकटचा पास, मोलाची बस



येथल्या बसमध्ये चढले की पुढल्या आसनांजवळ एक लहानशी पाटी पुष्कळदा दृष्टीस पडते. पांढऱ्या केसांपुढे उठून उभे राहावे, ही वायिक्राच्या १९व्या अध्यायातील आज्ञा तीवर लिहिलेली असते. वर्गात ही आज्ञा आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. अलीकडे मात्र एका साध्या प्रश्नाने आमच्या मनात घर केले आहे. ज्या वृद्धाला आसन द्यावयाचे, तो बसपर्यंत पोहोचलाच नाही तर?

हा प्रश्न ज्यांच्यामुळे सुचला, त्या आजींचे वय आज अठ्ठ्याहत्तर आहे. कोकणातून त्या लग्नानंतर येथे आल्या, तीस वर्षे कारखान्यात उभ्या राहून काम केले, आणि आता रामलाच्या एका टोकाच्या वस्तीत एकट्याच राहतात. आमच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात त्या पूर्वी नेमाने येत. दोन वर्षांपासून दिसेनात, म्हणून आम्ही चौकशीस गेलो. चहा पुढे ठेवीत त्या म्हणाल्या, “बाई, दोन बसा बदलाव्या लागतात. लेकाला सांगावं तर त्याची रजा मोडते. आणि तिकिटाचे पैसेही काही थोडे होत नाहीत.”

आम्ही चकित झालो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना बसचा प्रवास २०२२ पासून मोफत झाला आहे. पुढे ती वयोमर्यादा आणखी खालीही आली. आजींचे रव-काव कार्ड मागून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. कार्ड होते, पण त्यावर ना छायाचित्र होते ना नाव. असे निनावी कार्ड कोणीही विकत घेऊ शकतो, परंतु त्याला मालकाचे वय ठाऊक नसते. वयाची सवलत वैयक्तिक कार्डावरच नोंदविली जाते, आणि ती नोंद आपण होऊन करून घ्यावी लागते. आजी इतकी वर्षे आपल्या हक्काच्या प्रवासाचे पैसे मोजीत होत्या!

“चला, आजच करून घेऊ,” असे आम्ही म्हटले, तर त्या संकोचल्या. “फुकट बसायचं म्हणजे कुणाचं तरी मिंधं व्हायचं. नको ते.”

वाचकहो, हे वाक्य आपल्या पुष्कळ घरांतून ऐकू येईल. आपली माणसे कष्टाची. हात पसरण्याची त्यांना सवय नाही. हा गुण मोठा आहे, यात शंका नाही. परंतु येथे तो अस्थानी आहे. ज्यांनी उमेदीच्या वर्षांत कर भरला आणि बितुआह लेउमीचा हप्ता पगारातून कापू दिला, त्यांना उतारवयात मिळणारा पास हे दान कसे ठरेल? शिवाय दुपारच्या वेळी बस अर्धी रिकामी धावतच असते. त्या रिकाम्या आसनावर एक आजीबाई बसल्या, तर कोणाचे काय अधिक खर्च होते? हाच विचार मनात ठेवून इंग्लंडात २००८ पासून वृद्धांना देशभर स्थानिक बस मोफत झाली, आणि सकाळच्या गर्दीस अडचण नको म्हणून आठवड्याच्या कामाच्या दिवशी ती साधारणपणे साडेनऊनंतर ठेवली.

आजींचे मन अखेर वळविले ते त्यांच्या अलिबागकडील वहिनींनी. दूरध्वनीवर त्या म्हणाल्या, “अगो, आम्ही तर एस.टी.नं फुकटच फिरतो!” हे खरेच आहे. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला. भारताच्या स्वातंत्र्याचेही ते पंचाहत्तरावे वर्ष. इस्राएलचा जन्म मे १९४८ चा, आणि आपली पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरास धावली ती त्याच वर्षी १ जूनला. दोन्ही ठिकाणी, एकाच वर्षी, त्याच वयाच्या माणसांसाठी हे दार उघडले, याचे आजींना मोठे कौतुक वाटले. तेथे वाहक शून्य रुपयांचे तिकीट हाती देतो. येथे कार्ड यंत्राला टेकवावे लागते. मोफत असले तरी ते टेकविण्यास विसरू नये. त्यावाचून आपला प्रवास हिशेबात येत नाही, आणि आपल्या मार्गावर माणसे आहेत हे कोणास कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींना घेऊन सेवाकेंद्रावर गेलो. ओळखपत्र दाखविले, छायाचित्र काढले, आणि थोड्याच वेळात नवे कार्ड हातात पडले. पुढल्या आठवड्यात त्या एकट्या लोदला नणंदेकडे जाऊन आल्या. संध्याकाळी फोन करून सांगितले, “बाई, कुणालाही न विचारता गेले आणि आले.” त्या एका वाक्यात जे समाधान होते, ते तिकिटाच्या वाचलेल्या पैशांचे नव्हते.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. मेळाव्याला मात्र आजी आल्याच नाहीत. कारण विचारले, तेव्हा आमचीच मान खाली गेली. आमचा मेळावा संध्याकाळी सातला सुरू होतो, भाषणे व गाणी होता होता नऊ वाजतात. आजींच्या वस्तीकडे जाणारी बस तासाला एक, आणि रात्री तर तीही विरळ होते. थांब्यावर धड उजेड नाही, टेकण्यास बाक नाही. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी ही गत!

नव्याने आलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांना घरे मिळाली ती दूरच्या गावांत किंवा गावांच्या कडेला. मुले शिकली, मोटारी घेऊन मध्यभागी गेली. आईबाप मागे त्याच घरांत राहिले. पास शासनाने दिला. बसची संख्या वाढावी, थांब्यावर सावली व बाक असावा, यासाठी नगरपालिकेकडे सह्यांचे पत्र द्यावयास हवे, आणि ते आम्ही लिहिण्यास घेतले आहे. पण मेळाव्याची वेळ कोणी ठरविली? ती तर आपणच ठरविली, मोटार असणाऱ्यांच्या सोयीने.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येक तरुणाने आपल्या घरच्या व शेजारच्या वृद्धांचे कार्ड एकदा हातात घेऊन पाहावे, आणि ते निनावी असल्यास सोबत जाऊन बदलून द्यावे. दुसरी, मंडळांनी आपल्या सभा सकाळी दहाला ठेवाव्या आणि तारीख ठरविण्यापूर्वी बसचे वेळापत्रक समोर घ्यावे. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक गावांत बस थांबते, ती शब्बाथ संपेपर्यंत. तेव्हा शुक्रवारचा कार्यक्रम ज्येष्ठांना परतीची बस सापडेल इतका लवकर आटपावा.

आमच्या मंडळाचा पुढील मेळावा मंगळवारी सकाळी दहाला आहे. आजींनी येण्याचे कबूल केले आहे. येताना चकल्या आणीन, असेही त्या म्हणाल्या आहेत.