बंदराला आधी, बांधाला शेवटी

३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात गारांचा जो मारा झाला, त्यात २४६ माणसे दगावली. गारपिटीने एका वेळी इतके बळी घेतल्याची दुसरी नोंद जगात नाही. जागतिक हवामान संघटनेच्या यादीत हा आकडा आजही सर्वांत वर आहे. भारतात हवामान खाते स्थापन होऊन तेव्हा १३ वर्षे झाली होती आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी सुरू केलेले रोजचे हवामानपत्रक १८७८ पासून निघत होते. तरीही त्या माणसांना कुणी सावध करू शकले नसते. तराईलगतच्या सपाट मुलखावर तासा-दोन तासांत उभा राहणारा ढग आधी हेरण्याचे साधनच नव्हते. त्या मृत्यूंचा दोष कुणाला देता येत नाही.

त्यानंतरच्या मृत्यूंबाबत मात्र तसे म्हणवत नाही. साधने येत गेली, पण इशारा कुणाला आधी मिळाला, तो क्रम पाहावा. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्याची वाताहत केली, तर पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरासाठी इशाऱ्याची सोय झाली. १८६६ च्या ओरिसातल्या दुष्काळाने सरकार हादरले आणि १८७५ मध्ये खाते उभे राहिले. रोजचे पत्रक प्रशासनाच्या हाती पडू लागले. १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. शेतीसाठी स्वतंत्र शाखा तिथेच एल. ए. रामदास यांच्या हाताखाली सुरू झाली, ती १९३२ मध्ये. शेतकऱ्यांसाठी रेडिओवरचे हवामानवृत्त आले १९४५ मध्ये. जहाजांना इशारा मिळू लागल्यावर तब्बल ८० वर्षांनी!

शास्त्र मात्र थांबले नव्हते. खात्याचे तेव्हाचे प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी १९३८ मध्ये, जमिनीलगतची दमट हवा पुरेशी वर उचलली गेली की तिच्यात दडलेली शक्ती कशी मोकळी होते, हे मांडले. वादळी पावसाच्या अंदाजामागे आजही तोच विचार आहे. डोंगरपायथ्याशी ही हवा उचलायला उतारच हातभार लावतो. भर पावसाळ्यात मॉन्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की गंगेचे मैदान कोरडे पडते, पायथ्याशी पाऊस कोसळत राहतो आणि कोसी, गंडक या बिहारच्या नद्या फुगतात. आपल्याकडे तेव्हा उघडीप असते. मराठवाड्यात सोयाबीन माना टाकते आणि शेतकरी त्याला ‘खंड पडला’ म्हणतो. बिहारचा पूर आणि आपला खंड पुष्कळदा एकाच घडामोडीची दोन टोके असतात.

आज हाती काय नाही? दिवसाचा जिल्हावार अंदाज आहे, रडार आहेत, पुढच्या तीन तासांचा तात्काळ इशारा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सावध करू शकते. वादळी ढग जेमतेम काही किलोमीटरचा आणि तासाभराच्या आयुष्याचा, त्यामुळे सकाळचा अंदाज गावाचे नाव सांगू शकत नाही. तो दिवसभराची सावधगिरी देतो. जीव वाचवायचा तो या शेवटच्या अर्ध्या तासात.

आणि तिथेच आपण कमी पडतो. २५ जून २०२० रोजी एकट्या बिहारमध्ये विजेने ८० हून अधिक माणसे मारली. त्यांत शेतावर राबणारी माणसे पुष्कळ होती. लावणी करणारी बाई गुडघाभर चिखलात वाकलेली असते. मोबाइल घरी, नाहीतर बांधावरच्या पिशवीत. लावणी उक्ती घेतलेली असेल तर हात थांबले की मजुरी बुडते. अशा बाईला ॲपवरचा संदेश पोहोचला तरी ती निघणार कशी? बिहार सरकारने त्या दिवशीच्या मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ४ लाख रुपये जाहीर केले. ते द्यायलाच हवेत. पण माणूस गेल्यावर तिजोरीतून निघणारा पैसा तो जिवंत असताना निघत नाही, हे मला पटत नाही. देशात अलीकडे वर्षाला अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातली गावेही त्या हिशेबात आहेत.

तीन तासांचा इशारा आला की ग्रामपंचायतीचा भोंगा वाजलाच पाहिजे. तो वाजवण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर हवी. शिवारात धावत गाठता येईल इतक्या अंतरावर वीजरोधक बसवलेला पक्का निवारा हवा. भोंगा वाजल्यावर काम थांबवणे मुकादमावर बंधनकारक हवे आणि त्या तासाची मजुरी मजुराच्या पदरी पडायला हवी. रोजगार हमीच्या कामांवर सरकारने स्वतःपासून याची सुरुवात करावी.